कट्ट्यानं जवळ केलं

महोदय,
शहापुरात आमच्या गल्लीतला एक पोरगा गांजाच्या नादी लागला. मुळात वाया गेलेला नव्हता तो. गणपतीच्या देखाव्यासाठी रात्र-रात्र राबायचा, कशातही आधी उडी घ्यायचा. बारावीत नापास झाला, घरात टोमणे सुरू झाले आणि त्याला जवळ केलं ते कट्ट्यावरच्या टोळक्यानं. उतावळा स्वभाव तर आम्हा सगळ्यांना आवडायचा! एकटा पडला तेव्हा मात्र कुणी फिरकलं नाही, मीही नाही.

आईबाप पोलिसांच्या धास्तीनं गप्प बसतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम ६४-अ त्यांनी वाचावं. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण आहे. १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

– एक शेजारी, शहापूर, बेळगाव