गुलाबी पुस्तकाला ब्राउन पेपर

सोलापूर, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

इकडं उन्हाचं विचारूच नका. दुपारी नव्या पेठेत चिटपाखरू दिसत नाही. नळाला पाणी चार दिवसांआड. बाकी सगळं ठीक.

पत्राचं कारण म्हणजे एक कादंबरी. हसू नका. माळ्यावरच्या वह्या रद्दीत घालायला गेलो आणि तिथल्या ढिगातून वीस रुपयांत एक इंग्रजी पुस्तक घेऊन आलो. गुलाबी कव्हर. ‘चिक लिट’ म्हणतात तसलं, पोरींच्या प्रेमाबिमाचं. मेघासाठी घेतलं, तिनं ते माझ्याच उशाशी टाकलं. रात्री लाइट गेली म्हणून गच्चीवर मोबाइलच्या उजेडात चार पानं चाळायला घेतली, ते दोन वाजले. कारखान्यात नेताना मात्र बाबा, तुम्ही शाळेच्या पुस्तकांना घालायचात तसं ब्राउन पेपरचं कव्हर घातलं. चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी बसून अकाउंटंट गुलाबी पुस्तक वाचतोय, हे कळलं असतं तर पोरांनी दिवाळीपर्यंत सोडलं नसतं.

‘रेचल्स हॉलिडे’ नाव. मरियन कीज ही आयर्लंडची लेखिका, पुस्तक १९९७ चं. न्यूयॉर्कमध्ये राहणारी रेचल एके रात्री गोळ्यांचा अतिरेक करून मरता मरता वाचते. घरचे तिला आयर्लंडला आणून व्यसनमुक्ती केंद्रात घालतात. ही खुशीत जाते, कारण तिला वाटतं तिथं मोठमोठे गायक-नट भेटतील, मालिश असेल, आयता आराम. आत बघते तर स्वेटर घातलेले पन्नाशीचे बाप्ये, आणि हिच्या वाट्याला स्वयंपाकघरातली पाळी! मी एवढा मोठ्यानं हसलो की शेजारच्या गच्चीवरून ‘काय झालं ओ?’ म्हणून आवाज आला.

ती सगळं आपल्याच तोंडानं सांगते. मी काय व्यसनी नाही, अधूनमधून घेते, सगळेच घेतात. बरीच पानं आपण तिच्याच बाजूनं असतो. मग तिच्या मित्रानं भरून दिलेली प्रश्नावली केंद्रात सगळ्यांसमोर वाचतात आणि आपलं डोकं गरगरतं. ही बया आपल्याशीसुद्धा खोटं बोलत होती! आणि तिला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. लेखिका स्वतः दारूतून बाहेर आलेली आहे, म्हणूनच बहुतेक तिला हे असं हसवत हसवत सांगता आलं.

बाबा, ‘झोपेपुरती घेतो रे’ हे वाक्य आपल्या घरात कोण म्हणायचं, ते लिहीत नाही. गिरणी बंद पडली म्हणून काका पितात, असं आपण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलो. पण गिरणी चालू होती तेव्हाही पगाराच्या दिवशी काकू दारात उभी असायची, हे मला आठवतं. तुम्हालाही आठवत असणार. आई, तू एकदा पंगतीत हे सरळ बोललीस, तर आम्ही सगळ्यांनी तुलाच गप्प केलं. मीही ‘आई, आत्ता नको’ म्हणालो होतो. आणि लायब्ररीतून आणलेल्या कादंबऱ्या तू उशीखाली ठेवायचीस, त्यावरून मी आणि बाबांनी तुला किती चिडवलं!

काल काका आले होते. हल्ली शनिवारी येतात, भाकरी-शेंगाचटणी खाऊन जातात. टेबलावरचं ब्राउन पेपरचं पुस्तक उचलून म्हणाले, ‘ऑडिटचं का रे?’ म्हटलं, नाही, एक पोरगी सुट्टीला जाते त्याची गोष्ट आहे. ‘सांग की,’ म्हणाले. मी स्वयंपाकघरातल्या पाळीपर्यंत सांगितलं. पोट धरून हसले. चपला घालताना विचारलं, ‘मग पुढं काय झालं तिचं?’

पुढचं शनिवारी सांगतो म्हटलंय.

दादा-वहिनींना नमस्कार, छकुलीला पापा. चटणीचा डबा या आठवड्यात कुणाबरोबर तरी पुण्याला पाठवतो.

तुमचा,
बाळू