कागलपुढे पूर्ण तिकीट

महोदय,
बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातील जवानाची पत्नी कोल्हापुरातून एसटीने निघाली, की १७ मार्च २०२३ पासूनची महिलांची ५० टक्के सवलत तिला राज्याच्या हद्दीपर्यंतच मिळते. हद्द तर कागल सोडले की आलीच. निपाणी, संकेश्वरपासून पुढचे सगळे भाडे पूर्ण. वाहकाशी हुज्जत घालून उपयोग नाही. सवलतीची भरपाई एसटीला महाराष्ट्र शासन करते, म्हणून ती सीमेवर थांबते. पलीकडची, सरकारी बसमध्ये मोफत प्रवासाची 'शक्ती' योजना कर्नाटकच्या रहिवासी महिलांसाठी. आधारवर पत्ता कोल्हापूरचा, म्हणजे तीही नाही. लष्कराकडून रेल्वे प्रवासासाठी मिळणारे वॉरंट बसला चालत नाही. शहिदांच्या पत्नींना एसटीचा मोफत पास आहे, तो योग्यच. पण नोकरीत असलेल्या जवानाच्या घरच्यांचे काय?

पलटणीकडून मिळणारे कुटुंबाचे ओळखपत्र पाहून बेळगाव स्थानकापर्यंत अर्धे तिकीट द्यावे. सीमेपलीकडच्या टप्प्याची भरपाई सैनिक कल्याण विभागामार्फत करता येईल. प्रवासी मोजकेच, त्यामुळे रक्कमही फार होणार नाही. तिकीट यंत्रात मात्र वेगळा सवलत प्रकार टाकावा लागेल, नाहीतर हिशेब महिला सवलतीतच मिसळेल.

– एक वाचक, कोल्हापूर