फेलोशिप मिळाली, त्याबद्दल

विद्यापीठ वसतिगृह, कोल्हापूर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आई रडायला लागली, बाबा नुसतं "बरं झालं" म्हणाले, आणि मुख्य सांगायचं राहूनच गेलं.

बाबा, फेलोशिप म्हणजे संशोधन करायला दरमहा मिळणारे पैसे. हे कर्ज नाही, एक पैसाही फेडायचा नाही. त्यासाठीची सीएसआयआर-युजीसी नेट ही परीक्षा देशभरातली मुलं देतात. रसायनशास्त्राचा 200 मार्कांचा पेपर तीन तासांत सोडवायचा, आणि उत्तर चुकलं की मार्क कापतात. त्यात वरच्या क्रमांकात आलं तरच जेआरएफ, म्हणजे ही फेलोशिप. पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, काम पसंत पडलं तर पुढची तीन वर्षं 42,000. घरभाडं वेगळं.

तुमच्याबरोबर वडगावात रंगाऱ्याकडे सूत आणायला यायची, तेव्हा गटाराचं पाणी कधी लाल, कधी निळं असायचं. माझं काम त्याच पाण्यावर आहे. मिथिलीन ब्लू नावाच्या रंगाच्या निळ्या द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड घालून अतिनील दिव्याखाली ढवळत ठेवते. दर दहा मिनिटांनी थोडं पाणी काढून तपासायचं. निळा रंग फिकट होत होत जातो, कारण पुडीवर प्रकाश पडला की रंगाचे रेणू तुटतात. पण रंग गेला म्हणजे पाणी स्वच्छ झालं असं नाही, तुटलेल्या रेणूंचे तुकडे राहिलेत का तेही बघावं लागतं. शिवाय ही पूड अतिनील किरणांवरच चालते, आणि उन्हात ते थोडेच असतात. नुसत्या उन्हावर चालणारी पूड मला करायची आहे. ती जमली तर रंगाऱ्याच्या परड्यातल्या टाकीला दिव्याचं बिल येणार नाही. या कामात माझा जीव गुंतलाय.

आई, म्हणून ही पाच वर्षं मला दे. मामा स्थळं घेऊन येईल, त्याला तूच समजाव. तुझं तो ऐकतो.

आणि बाबा, तुम्ही मागावरची रात्रपाळी सोडा. माझ्या एमएस्सीसाठी धरली होती ना, ती गरज संपली. धाकट्याच्या डिप्लोमाची फी आता मी भरीन. कागदपत्रं बरीच आहेत, पहिले पैसे यायला वेळ लागेल, पण मालकाला आत्ताच सांगून ठेवा. डोळ्यांतून पाणी येतं म्हणत होतात, तेही डॉक्टरांना दाखवा. टाळाटाळ नको.

शनिवारच्या एसटीने येते. फीच्या पावत्या काढून ठेवा.

तुमची लेक