सेलिब्रिटींच्या दातांचं खरं काय ते पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या हिरोइनचं नाहीतर खेळाडूचं डेली रूटीन येतं, सकाळी उठून काय पितात, दातांना काय लावतात, काय खात नाहीत, आणि घरातली तरुण मंडळी ते वाचून दुसऱ्या दिवसापासून तसंच करायला लागतात म्हणून हे पत्र लिहितेय. प्रसिद्ध लोकांच्या सवयी छापू नका असं माझं म्हणणं अजिबात नाही, उलट भरपूर छापा, कारण डॉक्टरांनी दहा वेळा सांगून जे पटत नाही ते आवडत्या माणसाचं उदाहरण दिलं की लगेच डोक्यात शिरतं. फक्त होतं काय की जे कॅमेऱ्यासमोर दाखवायला छान वाटतं तेवढंच छापून येतं आणि ज्यातून खरंच शिकायला मिळेल ते राहून जातं.

आता ते रोज सकाळच्या लिंबूपाण्याचंच घ्या. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ ते २.५ च्या आसपास असतो आणि तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरचं कडक आवरण म्हणजे इनॅमल विरघळायला लागतं, मग पाण्यात पिळलं तरी ते आम्लच राहतं ना, आणि लोक ते घोट घोट करत अर्धा तास पितात आणि वर लगेच ब्रश करतात म्हणजे मऊ पडलेलं इनॅमल घासून काढतात. गेलेलं इनॅमल परत येत नाही. माझ्या भाचीला असंच थंड पाणी झोंबायला लागलं आणि डेंटिस्टनी पहिला प्रश्न हाच विचारला की सकाळी आंबट काय पितेस. प्यायचंच असेल तर एकदम पिऊन टाका, साध्या पाण्याने चूळ भरा, आणि ब्रश निदान अर्ध्या-एक तासाने करा, एवढी एक ओळ त्या लेखात असती तरी पुरलं असतं.

दात पांढरे करायच्या चारकोल (कोळशाच्या) पेस्टचंही तेच. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये २०१७ साली त्यावरचे सगळे अभ्यास तपासून बघितले होते आणि ती सुरक्षित आहे किंवा तिने फायदा होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा सापडला नाही. आणि खरं सांगायचं तर पडद्यावरचं ते एकसारखं पांढरंशुभ्र हसू बऱ्याचदा व्हेनिअर्सचं असतं, म्हणजे दात थोडा घासून वर पातळ पापुद्रा चिकटवलेला, ते पेस्टने कसं येणार?

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते खेळाडूंबद्दल. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ३०२ खेळाडूंचे दात तपासले होते, त्यात ५५ टक्के खेळाडूंचे दात किडलेले निघाले आणि १८ टक्के खेळाडू म्हणाले की तोंडाच्या दुखण्याचा आमच्या सरावावर नाहीतर खेळावर परिणाम झालाय. ही जगातली सगळ्यात फिट माणसं! पुढे २०१९ मध्ये ब्रिटनच्या खेळाडूंवर असाच अभ्यास झाला तेव्हा ९४ टक्के जण दिवसातून दोनदा ब्रश करत होते, म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणांपेक्षा चांगलंच की, पण ८७ टक्के जण नेहमी स्पोर्ट्स ड्रिंक घेत होते आणि जवळपास निम्म्यांच्या दातात उपचार न केलेली कीड होती. सरावात जोरजोरात श्वास घेऊन तोंड कोरडं पडतं, लाळ कमी होते, आणि त्यात दर थोड्या वेळाने गोड-आंबट घोट. साखर दिवसभरात किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा तोंडात गेली याला दातांच्या बाबतीत जास्त महत्त्व आहे, कारण दर वेळी तयार झालेलं आम्ल लाळेने निवायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो आणि तेवढ्यात पुढचा घोट गेला तर दाताला सावरायला वेळच मिळत नाही. ऑफिसमध्ये दिवसभर गोड चहा-कॉफीचा मग शेजारी ठेवून बसणाऱ्यांनाही हे तितकंच लागू आहे.

जुन्या लोकांकडे बघितलं तर अजून कळतं. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ, तिचे दात काळे पडलेत आणि इंग्रज लोक फार साखर खातात म्हणून असं होतं, हे १५९८ साली तिला बघितलेल्या एका जर्मन प्रवाशाने लिहून ठेवलंय, तेव्हा साखर फक्त श्रीमंतांनाच परवडायची. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ ला राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता, त्यांच्या कवळ्या हिप्पोच्या सुळ्याच्या, धातूच्या, माणसांच्या दातांच्या.

फ्रॉइडचं वाचताना तर मला फार वाईट वाटतं. मनाचा एवढा अभ्यास केलेला माणूस, पण दिवसाला वीसेक सिगार, १९२३ ला तोंडाचा कॅन्सर निघाला, पुढच्या सोळा वर्षांत ३० हून जास्त ऑपरेशन्स, टाळू आणि जबड्याच्या जागी बसवलेल्या कृत्रिम तुकड्याने बोलणं-खाणं दोन्ही अवघड झालेलं, तरी सिगार काही सुटली नाही. बेसबॉलचा टोनी ग्विन २०१४ ला ५४ व्या वर्षी लाळेच्या ग्रंथीच्या कॅन्सरने गेला आणि तंबाखू चघळल्यामुळेच हे झालं असं तो स्वतः सांगायचा. दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवा हे अशा माणसांच्या गोष्टीबरोबर छापलं तर लोक कापून ठेवतील.

आणि चांगली उदाहरणं पण आहेतच की. पुलेला गोपीचंदने २००१ ला बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर कोलाची जाहिरात नाकारली, विराट कोहलीने २०१७ ला मी स्वतः पीत नाही ते इतरांना प्या म्हणून सांगणार नाही म्हणत तसंच केलं, रोनाल्डोने २०२१ ला पत्रकार परिषदेत कोलाच्या बाटल्या बाजूला सरकवून पाण्याची बाटली उचलून दाखवली. ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाची वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, म्हणजे एका कॅनमध्येच कोटा पार. गोपीचंद आणि कोहलीने हातातला पैसा सोडून केलेली ही गोष्ट मला कुठल्याही ब्युटी टिपपेक्षा मोठी वाटते.

तर विनंती अशी की रूटीन छापाल तेव्हा बाजूला एखाद्या डेंटिस्टची चार ओळींची चौकट द्या, आणि ती व्यक्ती त्या पेस्टची किंवा ड्रिंकची जाहिरात करत असेल तर तेही स्पष्ट लिहा. आणि पुढच्या मुलाखतीत सकाळी काय पिता याच्याऐवजी हे विचारा की रात्री झोपण्याआधी दोन मिनिटं ब्रश करता का, पेस्टमध्ये फ्लोराइड आहे का (१००० ते १५०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग, असायला हवं), ब्रश झाल्यावर खळखळून चूळ भरून ते धुऊन तर टाकत नाही ना, दातांच्या फटी दोऱ्याने साफ करता का, म्हणजे फ्लॉस करता का, आणि शेवटचं चेकअप कधी केलंत. उत्तर काहीही आलं तरी जसंच्या तसं छापा.

आपली एक नियमित वाचक