पंधरा मिनिटं कुठून मोजायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीतली ‘पंधरा मिनिटांत सिट्रस सी-फूड पास्ता’ (म्हणजे लिंबू-संत्रं घातलेला कोळंबीचा पास्ता) ही पाककृती मी कात्रीने कापून फ्रिजला चिकटवली आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, करून पाहिली. मार्गशीर्ष लागायच्या आत उरकावं हा त्यामागचा हिशोब. सव्वासात वाजता ओटा पुसून उभा राहिलो. पानं घेतली तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी निवृत्त ड्राफ्ट्समन. लोकांच्या घरांचे नकाशे काढण्यात उमर गेली. पत्नीची नोकरी अजून चार वर्षं आहे, ती रात्री आठला थकून येते, म्हणून दोन वर्षांपासून रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला. आईने मला काही शिकवलं नाही, मी विचारलंही नाही. त्यामुळे मी कागद वाचून रांधणारा माणूस आहे आणि कागदावर लिहिलेलं अक्षरशः पाळतो. नकाशावर माप नसलं की गवंडी आपल्या मनाने भिंत उभी करतो आणि मग दार उघडलं की पलंगाला आपटतं. आपल्या पाककृतीचं माझ्या घरी तेच झालं.

सुरुवात बाजारापासून. कृतीत ‘२५० ग्रॅम साफ केलेली कोळंबी’ असं छापलं होतं. मी भोईपुऱ्यात गेलो. मासळीवाल्या बाईंनी विचारलं, “समुद्राचे पायजेत का तलावाचे?” मी म्हटलं, फरक काय? “समुद्राचे मोठे हायेत, पण बर्फातले. हे झिंगे आज सकाळचे हायेत जी, भंडाऱ्याकडचे. साफ कराले वेळ लागते, बस.” ते ‘बस’ मी नीट ऐकायला हवं होतं. झिंगे करंगळीएवढे. डोकं मोडा, पायांकडून कवच सोला, पाठीवर चीर देऊन काळा दोरा ओढा. अर्धा किलोचे सोलून जेमतेम पाव किलो उरले आणि त्यात माझी पाऊण तासाहून जास्त वेळ मान मोडली. पाककृतीचं घड्याळ मात्र कोळंबी साफ होऊन ताटलीत बसल्यावर सुरू होतं. ही लबाडी नुसती आपल्याच पुरवणीत चालते असं नाही, सगळीकडे चालते. पण आपला पेपर मी विकत घेतो म्हणून आपल्याला लिहितो.

झिंग्यांबद्दल मात्र मला पश्चात्ताप नाही. भंडारा-गोंदियाकडे शेकडो जुने मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, तलाव आहेत, पिढ्यान्‌पिढ्या धीवर मंडळी त्यांत जाळं टाकतात, आणि तिथले झिंगे गोडसर असतात. समुद्र आमच्यापासून समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर ओलांडल्यावरही हाताला लागत नाही. तेव्हा नागपूरच्या आवृत्तीत ‘सी-फूड’ लिहिताना कंसात ‘किंवा ताजे झिंगे’ एवढं टाकायला काय हरकत होती? पाकीटबंद गोठवलेली कोळंबीही मिळते, मी पुढे तीही वापरली. सोललेली असते, वेळ वाचतो. फक्त तिच्यावर बर्फाचा थर असतो. तो उतरल्यावर किती उरते ते बघूनच प्रमाण धरावं. आणि गार पाण्यात सोडवून, फडक्याने टिपून कोरडी केल्याशिवाय कढईत टाकू नये. ओली टाकली की ती परतली जात नाही, स्वतःच्याच पाण्यात बुडबुडत बसते.

आता मुख्य घोटाळा. कृतीत म्हटलं होतं: ‘कोळंबी लिंबाच्या रसात अर्धा तास मुरवा, मग १० ते १२ मिनिटे शिजवा.’ (अर्धा तास मुरवून १५ मिनिटांत पास्ता, हे गणित आपल्याकडे कोणी तपासतं का?) लिंबाच्या आंबटपणाने झिंगे गॅसवर चढायच्या आधीच पांढरे आणि घट्ट होऊ लागतात. त्यावर बारा मिनिटं आच दिल्यावर जे झालं त्याला शाळेत आम्ही खोडरबर म्हणायचो. आता मी काय करतो ते सांगतो. मीठ आणि चिमूटभर मिरची लावतो, तेल चांगलं तापवतो, झिंगे एका थरात पसरतो, मिनिटभर हात लावत नाही, मग उलटवतो. राखाडी रंग जाऊन गुलाबी-पांढरा आला आणि झिंगा इंग्रजी ‘सी’सारखा वाकला की बाहेर. त्याचा गोल ‘ओ’ झाला म्हणजे गेला. मोठ्या कोळंबीला अडीच-तीन मिनिटं, भंडाऱ्याच्या झिंग्यांना दीडही पुरे. लिंबू अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर.

दुसरा घोटाळा मला जास्त लागला, कारण तो संत्र्याचा होता. ‘एका मोठ्या इम्पोर्टेड ऑरेंजचा रस निम्मा होईपर्यंत आटवा.’ संपादक महाशय, आपला अंक छापून निघतो त्या गावाला देश संत्रानगरी म्हणतो, २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, नोव्हेंबरात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणारी, संत्री हातगाड्यांवर ढिगाने आहेत, आणि आपण आम्हाला स्टिकर लावलेलं परदेशी फळ आणायला सांगता! मी इरेला पेटून नागपुरीच आणली. चार फळं सोलून, बियांसकट मिक्सरला फिरवली, गाळली आणि सांगितल्याप्रमाणे आटवली. चव घेतली तर कडू. साखर घातली तर गोड-कडू, म्हणजे खोकल्याचं औषध.

यात निम्मी चूक माझी, हे कबूल. संत्र्याच्या बिया आणि आतला पांढरा भाग रसात भरडला गेला की कडवटपणा उतरतो, पण तो लगेच कळत नाही. रस ठेवला किंवा तापवला की हळूहळू वर येतो. त्याला कारण असलेल्या द्रव्याचं नाव लिमोनिन. संत्र्याचा रस बाटलीत भरणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आपल्याच गावात, अमरावती रोडवर आहे. पुरवणीतल्या कोणी ऑटो करून तिथे जाऊन विचारलं असतं तरी ‘आटवा’ हा शब्द छापला गेला नसता.

खरा वास रसात नसतोच, सालीत असतो. लहानपणी दिवाळीनंतर पणतीपुढे संत्र्याची साल दुमडून दाबायचो आणि तडतड ठिणग्या उडायच्या, आठवतं? ते सालीतलं तेल. पास्त्याला तेच हवं. पण इथेही आपली कृती परदेशी फळाची. तिथे ‘साल किसून घ्या’ म्हणणं सोपं, ती साल फळाला घट्ट चिकटलेली असते. नागपुरी संत्र्याची साल सैल, आत पोकळ. किसणीवर धरली की ती आत दबते, फळ हातात गरकन फिरतं आणि किसली जातात ती बोटं. मी दोन बोटांना पट्टी लावल्यावर शहाणा झालो. आता साल सरळ हाताने काढतो, पाटावर उपडी घालून आतला पांढरा थर सुरीच्या पाठीने खरवडतो, आणि उरलेली कागदासारखी केशरी साल सुपारीसारखी बारीक कातरतो. एका संत्र्याची साल दोघांना पुरते. रस अर्ध्याच संत्र्याचा, हाताने पिळून, आणि तो कढईत अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको. आंबिया बहाराचं फळ थोडं आंबट असतं ते या कामाला बरं. त्यानंतरच्या मृग बहाराचं गोड येईल तेव्हा लिंबू वाढवावं लागेल. कागदी लिंबाची साल मात्र किसायच्या भानगडीत पडू नये, ती इतकी पातळ की दुसऱ्या फेऱ्यालाच पांढरं येतं.

‘मीठ चवीनुसार’ हे पास्त्याच्या पाण्याला लिहिणाऱ्याने स्वतः कधी पास्ता उकळला आहे का, अशी मला शंका आहे. कोणाच्या चवीनुसार, पाण्याच्या? दोघांसाठी २०० ग्रॅम स्पॅगेटी, दोन लिटर पाणी, चार सपाट चमचे मीठ, चमचा चहाचा. पाणी खळखळल्यावरच पास्ता सोडायचा. आमच्या गॅसवर मोठ्या गंजात दोन लिटर पाण्याला उकळी यायलाच बारा मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं. म्हणजे आपली पंधरापैकी बारा तिथेच गेली. आता मी अर्धं पाणी विजेच्या किटलीत तापवतो. आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी, पास्ता गाळण्यापूर्वी, वाटीभर पाणी काढून ठेवतो. हे आपल्या कृतीत कुठेच नव्हतं आणि सगळी मेख तिथे आहे. त्या पाण्यात पास्त्याचं पीठ उतरलेलं असतं, पेजेसारखं. तेल आणि रस यांचं एरवी पटत नाही. हे पाणी घालून कढई हलवली की दोघं मिळून येतात आणि पास्त्याला चिकटतात. ते नसलं तर ताटात वर कोरडा गुंता आणि खाली तेलाचं तळं. पहिल्या दिवशी मी ते सगळं पाणी सिंकमध्ये ओतून मोकळा झालो होतो.

त्या रात्री पत्नी काही बोलली नाही. चार घास खाल्ले, मग उठून लोणच्याची बरणी आणली, सकाळची पोळी घेतली आणि टीव्ही लावला. एकोणतीस वर्षांच्या संसारात हे मला कळतं.

त्यानंतर तीनदा केला. आता पाणी ठेवण्यापासून ताटापर्यंत, झिंगे आधी साफ असतील तर, सत्तावीस मिनिटं लागतात. पाच पाकळ्या लसूण पातळ कापून मंद तेलात, लाल होऊ न देता. चिली फ्लेक्सच्या पुडीऐवजी एक भिवापुरी मिरची हाताने चुरून. मग कातरलेली साल, संत्र्याचा रस, लगेच गाळलेला पास्ता, राखलेलं पाणी, आणि शेवटी झिंगे परत आत. पार्सली आम्ही आणत नाही, मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालतो. चीज घालत नाही. इटलीतसुद्धा मासळीच्या पास्त्यावर चीज घालायची सहसा रीत नाही, आपल्या कृतीत मात्र ‘वरून भरपूर’ होतं. गेल्या खेपेला पत्नीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि “सांभार जरा जास्त झाला” एवढंच म्हणाली. शेजारच्या काकूंना डब्यात दिला तर त्यांनी सावजी रस्सा वर ओतून खाल्ला. त्याला माझा इलाज नाही.

तर विनंती अशी. पाककृती छापण्यापूर्वी ती इथल्या एखाद्या घरी, इथल्या बाजारातून आणलेल्या जिनसांनी, एकदा करून बघावी. वेळ लिहायची तर सोलणं-निवडणं धरून लिहावी. झिंगे, सांभार, संत्रं हे शब्द छापायला लाज वाटू नये. ‘सिट्रस’चा अर्थ मला पोराला पुण्याला फोन करून विचारावा लागला, आणि तोही हसला.

आणि पास्ता म्हणजे काही आकाशातून पडलेली वस्तू असल्यासारखं प्रास्ताविकही नको. तो ज्या ड्युरम गव्हाचा होतो त्याच जातीचा बन्सी गहू आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पेरला गेला. माझी मावशी कणकेची बारीक वळी काडीभोवती गुंडाळून, काडी ओढून घेऊन सरगुंडे वाळत घालायची आणि उन्हाळ्यात ते उकळून, निथळून आमरसाशी वाढायची. तो पास्ता नाही तर काय? त्याची कृती छापणार असाल तर मापासकट छापा. काड्या लागल्या तर मावशीच्या चार माझ्याकडे आहेत.

आपला,
एक नियमित वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर