सईच्या प्रवेशाबद्दल

नागपूर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढं सायन्स शिकून पोरगी मासोळ्या पकडणार का?" सई शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा बोलले नाही.

तिला इथल्याच मत्स्यविज्ञान महाविद्यालयात जायचं आहे. पदवी चार वर्षांची, विद्यापीठ माफसू, म्हणजे जनावरांचे डॉक्टर जिथे शिकतात तेच. घरून ये-जा होईल. नोकरीचं म्हणाल तर मत्स्यव्यवसाय विभागात अधिकाऱ्यांच्या जागा आहेत, पण त्या दरवर्षी निघतीलच असं नाही. बँकेत कृषी अधिकारी व्हायलाही ही पदवी चालते. शिवाय माशांचं बीज तयार करणाऱ्या हॅचरी, मत्स्यखाद्य कंपन्या, धरणात पिंजरे लावून केलेली मत्स्यशेती. पुढे शिकायचं झालं तर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय संस्था आहे.

पण मला पटलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. कटला, रोहू, मृगळ आपल्या तलावात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. पूर्वी बीज, म्हणजे माशांची पिल्लं, नदीतूनच गोळा करायचे, त्यात नको ते मासेही यायचे. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरींनी माशांच्याच मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांचं प्रजनन करून दाखवलं. म्हणून १० जुलैला मत्स्य शेतकरी दिन असतो. हे सईनेच मला समजावलं.

आता आपला मामा तलाव, म्हणजे गावचा जुना माजी मालगुजारी तलाव, आठवा. मच्छीमार सोसायटी बारीक जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, आणून सोडते आणि शिकारी मरळ मासोळी ते गट्ट करते. तेच जिरे आधी लहान तळ्यात वाढवून बोटाएवढी बोटुकली झाल्यावर सोडले तर कितीतरी जास्त तगतात. किती सोडायचे, तलावात माजलेली बेशरमाची झुडपं कुठवर काढायची, उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी काय विकायचं, हे सगळं शिकवतात तिथे. आपल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर मंडळींना पाण्याचं जे कळतं ते पुस्तकात नाही. तेही तिने त्यांच्यापाशी बसून शिकावं, असं मला मनापासून वाटतं. भंडारा-गोंदियात असे हजारो तलाव आहेत, बाबा. हे काम हलकं कसं?

फॉर्मची मुदत जवळ आली आहे. माझा होकार तिला मिळालाय, पण ती तुमच्यासाठी थांबली आहे. रविवारी तिच्याशी तुम्हीच बोला.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, पाठवते.

तुमची लेक