सिंगापूरच्या वहिनींना मनापासून धन्यवाद

आदरणीय वहिनी,
सा. न. वि. वि.

माझ्या मैत्रिणीची भावजय एवढीच तुमची-माझी ओळख. तरी आईच्या सिंगापूरवारीसाठी तुम्ही जे केलंत, त्याचे आभार चारचौघांत मानायला हवेत, म्हणून हे पत्र.

सहलीचं विचारलं की बहुतेक जण बघण्याच्या जागांची यादी हातात देतात. तुम्ही आधी आईची चौकशी केलीत. जिने चढवतात का, दुपारी पडावं लागतं का, उपास कुठल्या वारी असतो. मग माझ्या यादीतल्या निम्म्या जागांवर काट मारलीत आणि वर लिहिलंत, "थोडंच बघा, पण निवांत बघा."

हॉटेल लिटल इंडिया स्टेशनजवळच घ्या, हा तुमचा आग्रह किती मोलाचा होता! तिथून मेट्रोची डाउनटाउन लाइन एकीकडे बोटॅनिक गार्डन्सला जाते, दुसरीकडे बेफ्रंट आणि चायनाटाउनला. गाडी बदलायला नको, स्टेशनात लिफ्ट आहेच. आणि समोर टेक्का सेंटर. गुरुवारी आईला तिथल्या बाजारात पपई-केळी मिळाली, गजरासुद्धा मिळाला! तिथल्या खाण्याच्या जागी टेबलावर टिशूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली असते, खाऊन झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायचं, हे सगळं तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत.

बोटॅनिक गार्डन्सचं तर काय सांगू! १८५९ साली सुरू झालेली ही बाग २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मेट्रो स्टेशन बागेच्या दाराशीच, पण तिथून ऑर्किडची बाग बरीच आत. तुम्ही बजावलं होतंत, "त्या दिवशी मेट्रो नको, टॅक्सीने नासिम गेटला उतरा." त्यामुळे आईचे पाय चालण्यात न दमता फुलांपाशी थांबायला मोकळे राहिले. जांभळट-गुलाबी व्हॅन्डा मिस जोकिम, तिथलं राष्ट्रीय फूल, तिने चष्मा पुसून पुसून पाहिलं.

दुपार हॉटेलात काढायची, संध्याकाळी गार्डन्स बाय द बे. पावणेआठचा दिव्यांचा खेळ फुकट असतो, अर्धा तास आधी जाऊन बसायची जागा धरा, हेही तुमचंच.

पण सगळ्यात जास्त आभार एस्प्लनेड पार्कचे. आई शाळेत इतिहास शिकवायची, हे मी बोलता बोलता सांगितलं होतं. तुम्ही ते लक्षात ठेवून आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा आराखड्यात घातलीत. नेताजींनी जुलै १९४५ मध्ये पायाभरणी केलेलं मूळ स्मारक इंग्रजांनी परत आल्यावर पाडलं. १९९५ मध्ये तिथे स्मृतिफलक उभारला गेला. कुठल्याही टूरवाल्याने आम्हाला तिथे नेलं नसतं. आईने फलक शब्द न् शब्द वाचला, मग कठड्यावर बसून १९४३ च्या आझाद हिंद सरकारच्या घोषणेपासून सगळं मला सांगत राहिली. इतकी वर्षं वर्गातल्या मुलांना सांगितलेलं ती तिथे बसून सांगत होती. वहिनी, हे तुमच्यामुळे झालं.

पुण्याला याल तेव्हा आमच्याकडेच उतरायचं, असा आईचा निरोप आहे. तुम्हाला जेवणात काय चालतं, काय नाही, हे मात्र आधी कळवा.

आपली स्नेहांकित,
एका आईची लेक